मोटारीची पाटी

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात तापी नदीच्या काठी सारंगखेडा नावाचे गाव आहे. तेथे एकमुखी दत्ताचे मंदिर असून दरवर्षी दत्तजयंतीस मोठी यात्रा भरते. ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी दूरदूरच्या प्रांतांत प्रसिद्ध आहे. बाजारात घोडा विकत घेण्यास आलेला जाणता मनुष्य घोड्याचा रंग व डौल पाहतोच. परंतु सौदा ठरविण्यापूर्वी तो घोड्याचे तोंड उघडून त्याचे दात पाहतो. दातांची झीज आणि त्यांचा कल यांवरून घोड्याच्या वयाचा अंदाज त्यास येतो. विकणारा काहीही सांगो, दातांची साक्ष घेतल्यावाचून तो पैसे मोजीत नाही.

मोटारीला दात नसतात. पण तिचे गाव, तिचा काळ आणि तिचा प्रवास सांगणारी एक खूण तिच्याही अंगावर असते. ती खूण म्हणजे तिच्या पुढे व मागे लावलेली क्रमांकाची पाटी. ही पाटी आपण रोज पाहतो आणि रोज विसरतो. ज्याला ती वाचता येते, त्याला मात्र ती पुष्कळ गोष्टी सांगते. जुन्या मोटारीचा इतिहास तिच्या जुन्या पाट्यांवरून कसा शोधून काढावा, आणि तो शोधताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे या पाठात आपण पाहू.

आरंभ आजच्या पाटीपासून करू. नंदुरबार शहरातील एखाद्या चौकात घटकाभर उभे राहा. येणाऱ्या-जाणाऱ्या बहुतेक गाड्यांवर एम. एच. ही दोन इंग्रजी अक्षरे आणि त्यांपुढे ३९ हा आकडा दिसेल. एम. एच. म्हणजे महाराष्ट्र आणि ३९ म्हणजे नंदुरबार. मधूनच एम. एच. १८ अशी पाटी दिसते, ती धुळ्याची. जी. जे. ५ अशी पाटी असली तर गाडी गुजरातमधील सुरतेची, जी. जे. २६ असली तर शेजारच्या तापी जिल्ह्याची, आणि एम. पी. ४६ असली तर मध्य प्रदेशातील बडवानीची. आपला जिल्हा तीन राज्ये जेथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात वसला असल्यामुळे एकाच चौकात तिन्ही राज्यांच्या पाट्या भेटतात.

राज्य व जिल्हा सांगणाऱ्या भागानंतर पाटीवर एक-दोन अक्षरे आणि शेवटी जास्तीत जास्त चार आकडे असतात. चार आकड्यांत ९९९९ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणून एका मालिकेचे क्रमांक संपले की पुढचे अक्षर घेऊन नवी मालिका सुरू करतात. यावरून एक उपयुक्त गोष्ट ध्यानात येते. एकाच कार्यालयाच्या, एकाच प्रकारच्या दोन गाड्यांपैकी जिच्या मालिकेचे अक्षर आधीचे, तिची नोंद सामान्यतः आधी झालेली असते. आय आणि ओ ही अक्षरे मालिकेत सहसा घेत नाहीत. कारण इंग्रजी लिपीत ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात, आणि वाचणाऱ्याची फसगत होते.

वाहनावर क्रमांक लावण्याची ही पद्धत फार जुनी नाही. १८९३ साली पॅरिस शहराच्या पोलिसांनी असा नियम केला की, प्रत्येक मोटारीवर धातूची पाटी असावी आणि तिच्यावर मालकाचे नाव, पत्ता व क्रमांक लिहिलेला असावा. इंग्लंडात १९०३ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून तेथील मोटारींना क्रमांक आवश्यक झाला. घोडागाडी रस्त्यावरून हळू जाई. तिचा मालक कोण हे गावाला ठाऊक असे. मोटार मात्र वेगाने येई आणि अपघात करून क्षणात दिसेनाशी होई. अशा वेळी तिला ओळखावे कसे, या अडचणीतून पाटीचा जन्म झाला. हिंदुस्थानात १९१४ साली मोटारगाड्यांविषयीचा सर्व देशासाठी एक कायदा झाला. त्यानंतर १९३९ सालच्या कायद्याने प्रत्येक प्रांताला स्वतःची अक्षरे ठरवून दिली. पुढे १९८८ साली नवा कायदा झाला आणि तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. आज आपण पाहतो ती राज्य व जिल्हा सांगणारी पद्धत या शेवटच्या बदलाबरोबर रूढ झाली.

विहीर खोदताना वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली खडक असे थर लागतात. कोणता थर आधीचा व कोणता नंतरचा, हे खोदणाऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्या भागातील मोटारींच्या पाट्यांचेही असेच थर आहेत.

सर्वांत खालचा थर १९३९ नंतरचा. त्या वेळी आपला मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता आणि तो जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. मुंबईच्या मोटारींवर बी. एम. ही अक्षरे, त्यांपुढे तिसरे एक अक्षर आणि मग आकडे असत. येथे वाचणाऱ्याने एक चूक टाळली पाहिजे. बी. एम. अक्षरांची जुनी पाटी दिसली की ती गाडी आजच्या महाराष्ट्रातलीच होती, असे समजणे बरोबर नाही. १९५६ पर्यंत बेळगाव व धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यात होते; आणि सुरत व अहमदाबाद तर १९६० पर्यंत होते. म्हणजे जुन्या पाटीवरचे राज्य आजच्या नकाशावर शोधून भागत नाही. त्या काळचा नकाशा पुढे घ्यावा लागतो.

दुसरा थर १ मे १९६० नंतरचा. त्या दिवशी मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. पश्चिम खानदेशातील काही गावे त्या वेळी गुजरातेत गेली. नवापूरचे रेल्वे स्थानक तर दोन राज्यांच्या सीमेवरच उभे आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. जी माणसे काल एका राज्यात होती, ती आज दोन राज्यांत विभागली गेली. आणि त्यांनी त्यानंतर घेतलेल्या नव्या मोटारींवर निरनिराळी अक्षरे आली. महाराष्ट्रातील गाड्यांवर एम. आर., एम. एच., एम. एम., एम. टी. यांसारखी अक्षरे दिसू लागली आणि गुजरातेतील गाड्यांवर जी. जे. यांसारखी. त्यांपुढे पूर्वीप्रमाणेच तिसरे अक्षर असे.

तिसरा थर १९८९ नंतरचा. आता दोन अक्षरांपुढे तिसरे अक्षर न येता जिल्ह्याच्या कार्यालयाचा आकडा येऊ लागला. एम. एच. ही अक्षरे दुसऱ्या थरातही आहेत आणि तिसऱ्यातही आहेत. मग फरक ओळखावा कसा? अगदी सोपे आहे. एम. एच. नंतर लगेच अक्षर आले तर ती पाटी जुन्या पद्धतीची. आकडा आला तर नव्या पद्धतीची. नवी पद्धत आली म्हणून जुन्या गाड्यांचे क्रमांक रद्द झाले नाहीत. म्हणून आजही एखाद्या जुन्या मोटारीवर तीन अक्षरांची पाटी दिसते.

चौथा थर खास आपल्या जिल्ह्याचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील गाड्याही धुळ्याच्याच मानल्या जात. पुढे नव्या जिल्ह्याला ३९ हा आकडा मिळाला. एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात एम. एच. १८ चा जुना ट्रॅक्टर आणि त्याच्या शेजारी एम. एच. ३९ ची नवी मोटारसायकल उभी असली, तर त्या दोन पाट्यांच्या मध्ये आपल्या जिल्ह्याचा जन्म उभा असण्याचा संभव आहे.

अक्षरांप्रमाणे पाटीचा रंगही काळ सांगतो. पूर्वी खाजगी मोटारीच्या पाटीवर काळ्या पृष्ठभागावर पांढरी अक्षरे असत, आणि भाड्याच्या गाड्यांवर पांढऱ्या पृष्ठभागावर काळी. या शतकाच्या आरंभी हा क्रम बदलला. खाजगी गाड्यांची पाटी पांढरी व अक्षरे काळी झाली; भाड्याच्या गाड्यांची पाटी पिवळी व अक्षरे काळी झाली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना तर हिरवी पाटी मिळाली. म्हणून जुन्या छायाचित्रातील मोटारीचा क्रमांक पुसट असला, तरी पाटीच्या रंगावरून ते छायाचित्र साधारण कोणत्या काळातले असावे, याचा अंदाज बांधता येतो.

आता तीन प्रसिद्ध गाड्यांची उदाहरणे घेऊ. प्रत्येक उदाहरण पाटीविषयी एकेक वेगळी गोष्ट शिकविते.

पहिली गाडी नेताजी सुभाषचंद्र बोस यांची. १९४१ च्या जानेवारी महिन्यात नेताजी कलकत्त्यातील आपल्या घरी इंग्रज सरकारच्या पाळतीखाली होते. १६ जानेवारीच्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ते वेषांतर करून मोटारीने बाहेर पडले. त्यांचे पुतणे शिशिरकुमार बोस मोटार चालवीत होते. त्यांनी नेताजींना गोमो रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचविले आणि तेथून नेताजी पुढच्या प्रवासास निघाले. ती मोटार वाँडरर नावाच्या जर्मन बनावटीची होती आणि तिचा क्रमांक होता बी. एल. ए. ७१६९. बी. एल. ही बंगालची अक्षरे. ही गाडी कलकत्त्याच्या नेताजी भवनात जतन करून ठेवली आहे. २०१७ साली तिची दुरुस्ती करून तिला पूर्वीचे रूप देण्यात आले, तेव्हा तिचा क्रमांकही तोच ठेवण्यात आला. वाँडरर जातीच्या मोटारी जगात अनेक झाल्या. परंतु त्या रात्री त्या वाटेने गेलेली मोटार एकच होती. सारख्या दिसणाऱ्या अनेक वस्तूंतून नेमकी एक वस्तू वेगळी काढून दाखविणे, हे क्रमांकाचे पहिले काम होय.

दुसरी गाडी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांची. १९६४ साली त्यांनी एक फियाट मोटार घेतली. जवळ पुरेसे पैसे नव्हते, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून त्यांनी पाच हजार रुपयांचे कर्ज काढले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले. राहिलेले कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवी यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. त्या मोटारीचा क्रमांक डी. एल. ई. ६ असा आहे. डी. एल. म्हणजे दिल्ली. परंतु गाडी दिल्लीत तयार झाली होती काय? नाही. त्या काळी आपल्या देशात फियाट मोटारी मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात तयार होत. म्हणजे मोटार महाराष्ट्रात बनली आणि पाटी तिला दिल्लीची मिळाली. गाडी कोठे नोंदली गेली हे पाटी सांगते. ती कोठे बनली हे सांगत नाही.

तिसरी गाडी अगदी अलीकडची आणि साध्या माणसाच्या कष्टाची. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या रंगाच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अनेक दशके धावत होत्या. त्यांतील शेवटच्या टॅक्सीची नोंद ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. तिचा क्रमांक एम. एच. ०१ जे. ए. २५५६. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तिची सेवा संपली आणि तिच्याबरोबर एका युगाचा शेवट झाला. आता ही पाटी वाचून पाहा. महाराष्ट्र, ताडदेवचे कार्यालय, जे. ए. मालिका, इतके तिच्यावरून कळते. पण २९ ऑक्टोबर ही तारीख पाटीवर कोठेच नाही. ती कार्यालयाच्या नोंदवहीतून मिळाली. पाटी आपल्याला नोंदवहीच्या दारापर्यंत नेऊन सोडते. दार उघडून आत आपल्यालाच जावे लागते.

या तीन उदाहरणांवरून पाटीचे सामर्थ्य समजते आणि तिची मर्यादाही समजते. आता शोधाची रीत पाहू. त्यासाठी एक प्रसंग मनाने उभा करू.

समजा, शहादा तालुक्यातील एका खळ्यात एक जुनी जीप धूळ खात पडली आहे. तिच्या पुढे एम. एच. १८ ची पाटी आहे. मागच्या बाजूस पाटी सैल झाली आहे आणि तिच्या आड आणखी एक गंजलेली पाटी दिसते, तिच्यावर जी. जे. ही अक्षरे, तिसरे एक अक्षर व चार आकडे आहेत. बॉनेटवरचा रंग एके ठिकाणी उडाला असून त्याखाली पांढऱ्या आकड्यांची एक पुसट ओळ दिसते. या जीपचा इतिहास आपल्याला लिहावयाचा आहे. कोठून आरंभ करावा?

प्रथम वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्याला ‘निश्चित’, दुसऱ्याला ‘संभाव्य’ आणि तिसऱ्याला ‘अज्ञात’ असे नाव द्यावे. मिळालेली प्रत्येक गोष्ट या तिन्हींपैकी कोणत्या रकान्यात बसते, याचा विचार करूनच ती लिहावी.

आता मागची गंजलेली पाटी घेऊ. तीन अक्षरांची गुजरातची पाटी १९६० ते १९८९ या काळातली. तेव्हा ही पाटी खरोखर याच जीपची असेल, तर ती त्या काळात गुजरातेत नोंदलेली होती. पुढची पाटी धुळ्याची आणि नव्या पद्धतीची. म्हणजे ती १९८९ नंतरची. एका राज्यातील वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे असेल, तर तेथे त्याची नव्याने नोंद करून नवा क्रमांक घ्यावा लागतो, असा कायदा आहे. म्हणून एकाच गाडीवर दोन राज्यांचे क्रमांक आढळतात. राज्यातल्या राज्यात गाडी विकली गेली, तर मात्र क्रमांक सहसा तोच राहतो. केवळ मालकाचे नाव बदलते. म्हणजे पाटी बदलली नाही म्हणून मालक बदलला नाही, असे समजू नये.

जीप गुजरातेतून इकडे आली ती १९९८ पूर्वी की नंतर? तुम्ही म्हणाल, शहादा तालुका १९९८ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात आला. पाटी तर धुळ्याची आहे. तेव्हा जीप १९९८ पूर्वीच आली असली पाहिजे. हे अनुमान चांगले आहे. पण ते ‘निश्चित’ या रकान्यात बसत नाही. कारण धुळे जिल्हा १९९८ नंतरही आहे आणि एम. एच. १८ चे क्रमांक त्यानंतरही दिले जातात. कदाचित धुळ्यातील कोणी ही जीप २००५ साली आणली असेल आणि शहाद्याच्या शेतकऱ्याने ती मागाहून त्याच्याकडून विकत घेतली असेल. म्हणून आपले अनुमान ‘संभाव्य’ या रकान्यात लिहावे.

बॉनेटवरची पांढऱ्या आकड्यांची ओळ आणखी मागे नेते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या जीपगाड्यांच्या बॉनेटवर असे क्रमांक रंगवीत असत. त्या जीप १९४१ ते १९४५ या वर्षांत तयार झाल्या. युद्ध संपल्यावर सैन्याला नको असलेल्या अनेक जीप आपल्या देशात विकण्यात आल्या आणि त्या व्यापाऱ्यांकडे, कंत्राटदारांकडे व जमीनदारांकडे गेल्या. पुढे १९४७ नंतर मुंबईत महिंद्र कंपनीनेही जीप जोडण्याचे काम हाती घेतले. आपली जीप यांपैकी कोणती, हे केवळ पुसट आकड्यांवरून ठरविता येत नाही. कारण एखाद्या हौशी मालकाने शोभेसाठी नंतरही असे आकडे रंगविले असतील. म्हणून येथे दुसरा साक्षीदार बोलावला पाहिजे.

हा दुसरा साक्षीदार म्हणजे सांगाड्याचा क्रमांक. गाडीच्या लोखंडी सांगाड्याला चेसिस म्हणतात. कारखान्यात त्या सांगाड्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो. तसाच एक क्रमांक इंजिनावरही असतो. पाटी दोन स्क्रू काढले की बदलता येते. रंग एका दुपारी बदलता येतो. जुन्या गाडीचे इंजिनही मोडल्यावर दुसरे बसविलेले असू शकते. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक मात्र सहजासहजी बदलत नाही. म्हणून गाडीच्या ओळखीत त्याचे वजन सर्वांत अधिक. चोरलेल्या गाडीला खोटी पाटी लावून कोणी ती विकू लागला, तर हाच क्रमांक त्याची लबाडी उघडकीस आणतो.

तिसरा साक्षीदार म्हणजे नोंदणीचे पुस्तक. त्यात मालकाचे नाव, गाडीचा वर्ग, बनावटीचे वर्ष, रंग, सांगाड्याचा क्रमांक व इंजिनाचा क्रमांक लिहिलेले असतात. गाडीवरील आकडे आणि पुस्तकातील आकडे जुळले, तर पाटीवरून केलेले अनुमान पक्के होते. जुळले नाहीत, तर कोठेतरी गाठ आहे आणि ती सोडविल्यावाचून पुढे जाता येत नाही. याशिवाय विम्याचे कागद, कर भरल्याच्या पावत्या, लग्नाच्या वरातीत गाडीपुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे आणि घरातील वृद्ध माणसांच्या आठवणी हे सारे साक्षीदारच होत. आठवण कधी वर्ष चुकते, पण प्रसंग सांगते. कागद प्रसंग सांगत नाही, पण वर्ष सांगतो. दोघांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे सत्याच्या जवळ जाता येते.

इतके करूनही आपल्या जीपच्या आयुष्यातील काही वर्षे रिकामी राहतील. युद्ध संपल्यापासून गुजरातची पाटी लागेपर्यंत ती कोणाकडे होती? तिच्यावर कधी बी. एम. ची पाटी होती काय? पुरावा मिळाला नाही, तर हे ‘अज्ञात’ या रकान्यात लिहावे आणि तेथेच थांबावे. रिकामा रकाना कल्पनेने भरून टाकण्याचा मोह होतो. हा मोह आवरणे, हीच इतिहास लिहिणाऱ्याची खरी परीक्षा होय.

येथे माझीच एक चूक सांगतो. मी एका शाळेत मुख्याध्यापक असताना शाळेच्या आवारात निंबाच्या झाडाखाली एक मोडकी जीप पडून होती. मुले तिच्यावर चढत आणि कोणाला तरी लागेल या भीतीने मी नेहमी त्यांना रागावत असे. एके वर्षी सफाईच्या वेळी मी ती भंगारवाल्यास देऊन टाकली. जागा मोकळी झाली याचे मला समाधान वाटले. काही वर्षांनी शाळेचा इतिहास लिहिण्याचे ठरले. तेव्हा एक वृद्ध माजी विद्यार्थी मला म्हणाले, “गुरुजी, शाळेच्या पहिल्या इमारतीसाठी विटा आणि चुना त्याच जीपमधून येत असे. ती कोणी दिली होती हो?” मला उत्तर देता आले नाही. पुस्तक हरवले होते, देणारे हयात नव्हते, आणि पाटीवर कोणती अक्षरे होती हेही मला आठवेना. वर्षानुवर्षे ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती एकदाही वहीत उतरून घेतली नाही. दोन मिनिटांचे काम न केल्यामुळे एका दात्याचे नाव शाळेच्या इतिहासात येऊ शकले नाही. त्या जागी मला ‘अज्ञात’ असे लिहावे लागले.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना विशेष सुरक्षिततेची पाटी आवश्यक झाली आणि नंतर जुन्या वाहनांनाही ती लावण्याचे काम सुरू झाले. या पाटीवर अशोकचक्राचे चकाकणारे चिन्ह असते आणि यंत्राने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. त्यामुळे खोटी पाटी लावणे अवघड होते. हे चांगलेच आहे. परंतु नवी पाटी येते तेव्हा जुनी पाटी उतरते. रंगाऱ्याने हाताने काढलेली अक्षरे, काळ्या-पांढऱ्या रंगाचा जुना क्रम, कोपऱ्यात लिहिलेले गावाचे नाव, हे सारे तिच्याबरोबर जाते. जुन्या क्रमांकांचे मोल सरकारनेही जाणले आहे. २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खाजगी गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय झाली आणि ज्या गाडीची आधीच नोंद झालेली आहे, तिला आपला मूळ क्रमांक राखता येतो.

म्हणून मुलांनो, तुमच्या घरी, शेजारी किंवा गावात एखादी जुनी मोटार, जीप, ट्रॅक्टर अथवा मोटारसायकल असेल, तर मालकाची परवानगी घेऊन तिची पाटी वहीत जशीच्या तशी उतरून घ्या. अक्षरे कोणत्या रंगात आहेत, पृष्ठभाग कोणत्या रंगाचा आहे, पाटीच्या आड दुसरी पाटी आहे काय, हे पाहा. घरातील आजी-आजोबांना विचारा की, ही गाडी आली त्या दिवशी घरात काय घडले होते. ते सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा. दुसऱ्याच्या गाडीचा क्रमांक व त्याचे नाव-गाव मात्र त्याच्या संमतीवाचून कोणास सांगू नका. कारण पाटी रस्त्यावर दिसत असली, तरी तिच्यामागील माणसाची माहिती त्याची स्वतःची असते.

सारंगखेड्याच्या बाजारातील जाणता मनुष्य घोड्याचे दात पाहतो, त्याची चाल पाहतो, मालकाला दोन प्रश्न विचारतो आणि मगच आपले मत ठरवितो. तो एकाच खुणेवर विसंबत नाही आणि एकही खूण डोळ्यांआड करीत नाही. जुन्या मोटारीच्या पाटीकडे आपणही त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

स्वाध्याय

१. बी. एम. अक्षरांची जुनी पाटी असलेली गाडी आजच्या महाराष्ट्रातीलच होती, असे का म्हणता येत नाही?

२. एम. एच. ही अक्षरे असलेल्या दोन पाट्यांपैकी जुन्या पद्धतीची कोणती, हे कसे ओळखाल?

३. शास्त्रीजींच्या मोटारीच्या उदाहरणावरून पाटीची कोणती मर्यादा कळते?

४. गाडीच्या ओळखीत पाटीपेक्षा सांगाड्याच्या क्रमांकाला अधिक महत्त्व का आहे?

५. तुमच्या परिसरातील एका जुन्या वाहनाची माहिती मालकाच्या संमतीने मिळवा आणि ती ‘निश्चित’, ‘संभाव्य’ व ‘अज्ञात’ अशा तीन रकान्यांत लिहा.